डबीची तब्येत

घाटनांदूरला कुणावर लक्ष ठेवायला यंत्र लागत नाही. परळी–विकाराबाद लोहमार्ग निजामाच्या राज्यात पडला तेव्हापासून गावाला स्टेशन आहे. कोण उतरलं, हातात केवढी पिशवी आहे, ती जाताना फुगलेली होती की येताना, ही सगळी माहिती गाडी सिग्नलच्या पुढं सरकायच्या आत बाजारपेठेत पोचते. अंबाजोगाईच्या माणसाला रेल्वे गाठायची तर एक तर परळी, नाही तर घाटनांदूर. त्यामुळं आमच्या नजरेखालून अर्धा तालुका जातो. (तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही आणि आम्हाला आहे, हे आम्ही अंबाजोगाईच्या पाहुण्याला जेवायला वाढताना एकदा तरी सांगतोच.) अशा गावात माझ्या पुतण्यानं लक्ष ठेवणारी एक यंत्रणा बनवायला घेतली. कुणावर लक्ष? तर त्या यंत्रावरच.

पुतण्या पुण्याला कंपनीत आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आला आणि तेव्हापासून महिन्यातले बरेच दिवस कंपनी त्याला घाटनांदूरहूनच वापरते. एकदा पुण्याहून येताना त्यानं पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पाटी आणली. रास्पबेरी पाय. एकाच पाटीवर सगळा कॉम्प्युटर. पडदा नाही, कीबोर्ड नाही, हार्डडिस्कच्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलं की विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला येणारी पोरं वर्षागणिक कमी व्हायलीत, आणि जी येतात त्यांनी आधी हात काळे केलेले नसतात. पोरांना खोलून-जोडून बघता यावा असा स्वस्त कॉम्प्युटर हवा, म्हणून ३५ डॉलरची पहिली पाटी २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आली. वाढदिवस चार वर्षांतून एकदा, तेवढाच खर्च वाचला. पुतण्यानं तिला प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं, आणि घरात तिचं नाव डबीच पडलं.

माझे थोरले बंधू, ज्यांना त्यांच्या मुलासकट सगळं घर आण्णा म्हणतं, त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"काय करतंय हे?"

"सध्या काही नाही, आण्णा. आधी मॉनिटर बनवायलोय. सीपीयू किती चालतोय, मेमरी किती भरली, तापमान किती, सगळं मोबाईलवर दिसंल."

"कुणाचं तापमान?"

"हिचंच."

"म्हंजे काम काहीच करणार नाही, आणि मला कसं वाटायलंय तेवढं सांगत बसणार?"

आण्णांनी सोसायटीच्या संचालक मंडळात दोन टर्म काढल्या आहेत. अशी प्रकृती त्यांना ओळखीची होती.

आता पुतण्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. लांबच्या वस्तूची हालहवाल पडद्यावर बघायची ही खोड त्याची एकट्याची नाही, आणि डबीच्या माहेरातलीच आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाची खोली होती, तिच्याबाहेर कॉफीचं एक भांडं. वरच्या मजल्यावरची माणसं जिने उतरून यायची तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला, आणि १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र जो तो आपापल्या टेबलावर बघू लागला. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरातले लोक दुसऱ्याच्या कॉफीवर लक्ष ठेवू लागले. २००१ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते भांडं एका जर्मन नियतकालिकानं लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. ही कथा मी घरात सांगितली, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "उठून बघायला काय झालतं त्यान्ला?"

काम सुरू झालं. डबीत लिनक्स चालतं, आणि लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचा एक फोल्डर असतो. त्यातल्या फायली कार्डावर कुठंच नसतात. तुम्ही वाचायला गेलात की तेवढ्यापुरत्या तयार होतात आणि वाचून झालं की नाहीशा. यंत्र किती वेळ चालू आहे, मेमरी किती उरली, सगळं तिथं. तापमानाची फाइल आणखी एका फोल्डरात. ती उघडल्यावर पुतण्या मोठ्यानं म्हणाला, "अठ्ठेचाळीस हजार तीनशे बारा." वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेलं असतं, म्हणजे हे झालं सव्वाअठ्ठेचाळीस अंशांच्या जरा वर, एवढं त्यांना पटवून देईपर्यंत कढईतली फोडणी जळाली. हे सगळे आकडे मोबाईलवर दिसायला पुतण्यानं पायथन भाषेतलं वेबपानं बनवायचं साधन घेतलं, 'फ्लास्क'. ते एका ऑस्ट्रियन प्रोग्रामरनं २०१० साली एप्रिल फूलची थट्टा म्हणून सुरू केलेलं. लोकांना थट्टाच आवडली आणि आता जगातल्या कितीतरी साइट तिच्यावर चालतात. आमच्या घरचंही काम त्याच जातीचं होतं, त्यामुळं निवड योग्य म्हणायची.

आकड्यांपैकी मला सगळ्यात भावला तो लोड ॲव्हरेज, म्हणजे सीपीयूपुढं कामांची गर्दी किती. पुतण्याला तो समजावून सांगता येईना, शेवटी पिठाच्या गिरणीनं सोडवलं. एक दळण चक्कीत आणि तीन डबे रांगेत, तर लोड चार. पण गिरणीत चक्क्याच चार असतील तर चारचा लोड म्हणजे रांग नाही, सगळ्या चक्क्या मजेत चालू. डबीच्या सीपीयूत अशा चार चक्क्या आहेत. आकडे तीन दिसतात: गेल्या मिनिटाचा, गेल्या पाच मिनिटांचा, गेल्या पंधरा मिनिटांचा, म्हणजे गर्दी वाढायलीय की ओसरायलीय ते कळावं. यात लिनक्सची एक गंमत आहे. चक्की रिकामी पडलेली, पण एखादी बाई डबा ठेवून पिशवी आणायला घरी गेलेली, तर लिनक्स तिलाही रांगेत धरतं. मंद कार्डावरून फाइल यायची वाट बघणारं काम म्हणजे ही बाई: सीपीयू झोपलेला आणि लोड आभाळाला. आमच्या डबीचा लोड बहुतेक वेळा ०.०४ असायचा. आण्णांनी तो बघितला आणि म्हणाले, "चार चक्क्या मांडून दळण कुणाचंच नाही."

मेमरीचं पान पहिल्या दिवशी लालभडक दिसलं, कारण पुतण्यानं 'फ्री' हा आकडा दाखवला होता. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फायली तिच्यात भरून ठेवतं आणि कुणी जागा मागितली की मुकाट देतं. 'अव्हेलेबल' बघायचा असतो. पान हिरवं झालं. पुढं चला.

तापमानाचं मात्र असं झटपट आटोपलं नाही. पुतण्याची खोली माडीवर, वर पत्रा. मे महिना लागला. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखाली माणसाचं काय होतं ते निराळं सांगायला नको. डबी काही काम न करता सत्तरीच्या घरात जाऊन बसली. आमची डबी पाय ४, म्हणजे चौथ्या पिढीची. तिचा सीपीयू ८० अंशांना पोचला की आपणहून वेग उतरवतो, ८५ ला आणखी उतरवतो. काही न करणाऱ्यानं वेग कमी केल्यावर नेमकं काय होतं, हा प्रश्न मी विचारला, पण पुतण्या उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हता. तो पंखा मागवू म्हणत होता, ॲल्युमिनियमची डबी मागवू म्हणत होता. आण्णा म्हणाले, "माळवदात ठेव."

आमच्या घराचा मागचा भाग माळवदाचा आहे. लाकडी सर, त्यावर फळ्या, त्यावर वीतभर पांढरी माती. मराठवाड्यात एकेकाळी बरीच घरं अशीच. गेली कितीतरी वर्षं घरात वाद चालू आहे की माळवद पाडून स्लॅब टाकायचा. पुतण्या, वहिनी आणि सून स्लॅबच्या बाजूला. आण्णा एकटे माळवदाच्या. दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकायची, गळतं कुठं ते शोधायचं, वरून माती सांडते ती झाडायची, या तक्रारींना आण्णांकडं एकच उत्तर असायचं, "आत येऊन बसून बघा." कुणी बसायचं नाही, कारण तिथं मोबाईलला रेंज नाही.

डबी माळवदात गेली. वायफायचा राउटर दारात टांगला. आणि मोबाईलवरच्या आलेखातली रेघ जिना उतरल्यासारखी खाली आली, दुपारी दोन वाजता, बारा अंशांनी. आण्णांनी ती रेघ स्वतःच्या फोनवर बघितली, चष्मा पुसून परत बघितली आणि फोन घेऊन शेजारी गेले. माळवदाच्या बाजूनं आजवर नुसती म्हातारी माणसं बोलायची, आता आलेख बोलत होता. स्लॅबचा विषय त्या उन्हाळ्यात पुन्हा निघाला नाही. सुनेनं एकदा डबीवर पडलेल्या पांढऱ्या मातीकडं बोट दाखवलं, पण मातीचा आलेख पुतण्यानं काढलेला नव्हता.

यानंतर पानावर पिवळी वीज चमकू लागली. म्हणजे डबीला वीज कमी पडायली. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, दाब ४.६३ च्या खाली गेला की ती कुरकुर करते. पुतण्यानं लगेच गावच्या विजेला दोष दिला. गावच्या विजेला दोष देणं हा आमच्याकडं पाहुण्याला पाणी देण्याइतका रिवाज आहे, पण इथं तो लागू पडत नव्हता. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, तो तेवढं सोसतो. दोष मोबाईलच्या बारीक वायरीचा होता. वायर बदलली तरी पानावर इशारा तसाच. त्याचं कारण मजेदार आहे. वीज आत्ता कमी आहे का, याची एक खूण असते, आणि कधी कमी पडली होती का, याची दुसरी. ही दुसरी खूण डबी बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत पुसत नाही. पुतण्याला हा छळ वाटला. आण्णांना पटलं. "कुणी कमी दिलं ते ध्यानात ठेवावंच लागतं," ते म्हणाले, आणि १९९२ सालच्या एका वाटणीची हकीकत सुरू केली, ती इथं देता येत नाही.

आणि घड्याळ. जुन्या पाय डब्यांत बंद असतानाही चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये, २०२३ साली, घड्याळ आलं तरी सेल वेगळा विकत घ्यायचा. बंद पडण्याआधी शेवटची जी वेळ टिपून ठेवली असेल तिथूनच डबी पुढं मोजायला लागते, इंटरनेट मिळालं की मग दुरुस्त होते. म्हणजे सकाळी नऊला लाइट गेली आणि तीनला आली तर मधले सहा तास झालेच नाहीत अशी तिची समजूत. ही सोय माणसांना असती तर आमच्या गावातली निम्मी माणसं अजून तिशीत असती.

पुतण्या दर सेकंदाचा प्रत्येक आकडा कार्डावर लिहून ठेवत होता. कशाला, ते विचारू नका. मेमरी कार्डावर लिहिण्याला मर्यादा असते; तीच जागा पुन्हा पुन्हा लिहिली की ती झिजते. एक दिवस कार्डानं हात वर केले. इथून जवळच अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिल्या, शिवाय चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर पासोडी लिहिली. १६१५ साली ते गेले आणि कापड अजून आहे. कार्ड पावसाळाही बघू शकलं नाही. अर्थात दासोपंत ०.०४ लिहीत नव्हते. नव्या कार्डाच्या वेळी पुतण्या सुधारला. नोंदी आता रॅममध्ये राहतात आणि अधूनमधून एकदाच कार्डावर उतरतात.

मग पान बघायला माणसं येऊ लागली. फोन वायफायला जोडायचा, पत्ता टाकायचा. ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा इशारा द्यायचा आणि माणसं आमच्याकडं संशयानं बघायची. एका संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांच्या फोनवर ते पान उघडं होतं आणि लोड पहिल्यांदाच दोनच्या वर चढला. पुतण्याला आनंद झाला, डबी शेवटी काहीतरी करतेय! कोणता प्रोग्राम एवढा राबतोय म्हणून यादी काढली, तर सगळ्यात वर मॉनिटर स्वतः. प्रत्येक फोन दर सेकंदाला तब्येत विचारत होता, आणि तब्येत सांगता सांगता ती बिघडायली होती. बघणाऱ्यालाच बघायचं हा खरं तर अद्वैताचा प्रांत. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधू' लिहून त्याचा निकाल लावला, आणि त्यांची समाधीही अंबाजोगाईलाच आहे. पुतण्यानं मात्र एक सेकंदाच्या जागी दहा सेकंद टाकले.

आलेल्यांपैकी एकानं, ज्याची विहीर गावाबाहेर दूर आहे, पान पूर्ण बघितलं आणि विचारलं, "ह्यात फेज दिसती का?" पुतण्या म्हणाला, नाही. त्यानं खिशातला साधा बटणांचा फोन काढला, एक नंबर लावला आणि कानाला धरून आम्हाला ऐकवलं: मोटर बंद आहे, थ्री फेज आलेली नाही. फोन खिशात गेला.

आमच्याकडं शेतीला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, अशी पाळीनं मिळत आली आहे. रात्री दोनला फेज येणार म्हणून साप-विंचवांतून विहिरीवर जाणारी माणसं या भागात प्रत्येक घरात आहेत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांना असंच मोटर चालू करायला शेतावर हेलपाटे घालताना बघितलं होतं. त्यातून त्यांनी 'नॅनो गणेश' काढलं: स्टार्टरला एक मोबाईल जोडायचा, घरून फोन लावायचा, वीज आहे का ते कळतं आणि मोटर चालू-बंद करता येते. २००९ साली त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. आज निरनिराळ्या बनावटीचे मोबाईल स्टार्टर शेतांवर लटकलेले दिसतात आणि त्यांना कुणी मॉनिटर म्हणत नाही. ना आलेख, ना हिरवा-लाल रंग. म्हाताऱ्याची रात्रीची खेप वाचते, बस. माझ्या मते खरी यंत्रणा ती, आणि आमची तिच्यापुढं सुटीतला उद्योग. हे मी पुतण्याला सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

पण तो पोरगा चिडला आणि चिडून त्यानं शहाणपणाचं काम केलं. लाइट गेली की पुण्यातल्या फोनवर मेसेज जावा, असं त्यानं लिहिलं. लाइट गेली. मेसेज गेला नाही. कसा जाणार? डबी बंद, राउटर बंद. मग त्यानं उलटी बाजू धरली: डबीनं दर पाच मिनिटांनी पुण्यातल्या एका कॉम्प्युटरला 'आहे' म्हणून कळवायचं, आणि 'आहे' आलं नाही की त्या कॉम्प्युटरनं मेसेज टाकायचा. हे मात्र बिनचूक चालतं. आमच्या डबीचं आजवरचं सर्वांत उपयोगी काम म्हणजे गप्प बसणं.

आता गावातली लाइट गेलेली हिंजवडीत आणि चाकणला आधी कळते. आण्णा अंगणात वारा घेत बसलेले असतात, तोवर फोन येतो, "आण्णा, लाइट गेली का?" "गेली." "कधी येणार?" यावर आण्णा काय म्हणतात ते कुठलंच नियतकालिक छापणार नाही. ज्यांची पोरं पुण्याला आहेत अशा बऱ्याच घरांनी ती सोय मागून घेतली. तापमान, मेमरी, चार चक्क्यांचे चार रंगीत आलेख, यांतलं कुणी काही बघत नाही.

आणि नुसतं बघून होतं तरी काय? परळीचं औष्णिक वीजकेंद्र इथून तासाभराच्या आतल्या रस्त्यावर आहे. २०१५ साली पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं. एवढ्या मोठ्या केंद्रात काटे आणि पडदे यांची काय कमी असणार. पण पडद्यावर दिसलं म्हणून धरणात पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला आमच्या आधीपासून माहीत आहे.

तरीही कुणाला असा मॉनिटर करून बघायचा असेल तर खुशाल करा. पायथन मन लावलं तर महिनाभरात कामापुरतं येतं. चार्जर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच घ्या, वायर आखूड आणि जाड ठेवा, नोंदी रॅममध्ये ठेवा, आणि घरात माळवद असेल तर पाडू नका. आमची डबी मात्र अजून मोकळीच आहे. कुणाकडं तिच्याजोगं काम असेल तर जरूर कळवा. पगाराची अपेक्षा नाही, तीन अँपिअर पुरे.